गोठा, झावळ्या आणि मेणबत्त्या : सणांत मुलांना कामाला लावण्याविषयी वाचकांचे प्रश्न

मुंबईच्या खाडीपलीकडच्या गावांतून, म्हणजे गोराई, मनोरी, मढ, उत्तन इथून, आणि वांद्रे-मरोळच्या गावठाणांतून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. सगळ्यांचा विषय एकच : धर्मग्रामातले (एका चर्चच्या हद्दीतल्या समाजाचे) सण मुलांना बरोबर घेऊन कसे साजरे करावेत. पत्रे बरीच असल्याने काही प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलची चाळीसेक मुले आहेत, वय ४ ते १४. नाताळच्या रात्री मिस्साआधी (चर्चमधल्या मुख्य उपासनेआधी) नाटिका करतो. गेल्या वर्षी एकच माईक हातोहात फिरला, मागच्या बाकांवर कुणाला काही ऐकू आले नाही. दोन देवदूत रडले आणि योसेफ वाक्य विसरला. यंदा नाटिकाच नको, असे काही पालक म्हणतात. काय करावे? (शिक्षिका, गोराई)

उत्तर : नाटिका बंद करू नका, संवाद बंद करा. मुलांनी पाठ केलेली वाक्ये आणि फिरता माईक, गोंधळ या दोन गोष्टींमुळे होतो. त्याऐवजी वाचनमंचावर एकच माईक पक्का बसवा आणि तिथे बारा-चौदा वर्षांचे दोन चांगले वाचक उभे करा. लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय, ओवी १ ते २०, त्यांनी आलटून पालटून वाचायचा. बाकीच्या मुलांनी फक्त चालायचे, थांबायचे, गुडघे टेकायचे. वाक्य नसले की विसरायला काही उरत नाही. योसेफाच्या तोंडी तर शुभवर्तमानातही एक शब्द नाही.

वाचनाला अडीच-तीन मिनिटे लागतात. मध्ये चार गीतांची एकेक कडवी घातली की सगळे मिळून बारा मिनिटांत आटोपते. त्याहून लांबवू नका. ते बारा मिनिटे छताचे पंखे बंद ठेवा. जुन्या चर्चमध्ये पंख्यांच्या घरघरीत लहान मुलाचा आवाज पुरता बुडतो, आणि दोष उगाच माईकवर येतो.

सगळ्यात लहान मुलांना देवदूत करण्याची रीत आहे, पण त्यांना सुरुवातीपासून वेदीपुढे उभे करू नका. आईजवळ पहिल्या दोन बाकांवर बसू द्या. मेंढपाळांचा प्रसंग आला की एका मोठ्या मुलीने त्यांना रांगेने पुढे न्यावे, एक कडवे होईपर्यंत उभे करावे आणि परत आणावे. चार वर्षांच्या मुलाला दीड मिनिट उभे राहता येते, दहा मिनिटे नाही. तारेचे पंख नकोत. तार शेजारच्याच्या डोळ्यापाशी येते आणि बाकात बसताना मोडते. पांढऱ्या ओढणीची दोन टोके मनगटांना सैल बांधली तर हात पसरताच पंख होतात. कापसाच्या दाढ्या पूर्ण टाळा, जवळ मेणबत्ती असते आणि कापूस क्षणात पेटतो.

वेदीची पायरी उंच नसेल तर पंधरा-वीस सेंटिमीटर उंचीची फळ्यांची बैठक करून घ्या. नाहीतर पुढचे लोक मोबाईल धरून उभे राहतात आणि मागच्यांना पाठीच दिसतात.

तालमी सहा पुरतात : चार वर्गात, दोन चर्चमध्ये, आणि शेवटची कपडे घालून. कोळीवाड्यातल्या मुलांच्या तालमीची वेळ घरच्यांना विचारून ठरवा. डिसेंबरात वलांड्यांवर (मासळी वाळवायच्या मांडवांवर) बोंबील असतात, आणि माल काढायच्या वेळी घरातले प्रत्येक हात लागतात. त्या वेळेला तालीम ठेवली की निम्मी मुले येत नाहीत, आणि मग त्यांना 'बेशिस्त' ठरवले जाते. हा त्या मुलांवर अन्याय आहे.

एक सूचना खास तुमच्या गावासाठी. तुमचे चर्च तीन राजांच्याच नावाने आहे. मग राजांना चोवीस तारखेच्या गर्दीत घाईने का आणायचे? मेंढपाळांचा भाग नाताळच्या रात्री करा आणि मत्तयच्या दुसऱ्या अध्यायातल्या ओवी १ ते १२ राजांच्या सणाच्या रविवारी. चाळीस मुले दोन प्रसंगांत वाटली जातात, प्रत्येकाला नीट काम मिळते. राजे तीनच हवेत असेही नाही. मत्तयने आकडा दिलेला नाही, तीन आहेत त्या भेटी : सोने, ऊद आणि गंधरस. पाच मुले राजा व्हायला उत्सुक असतील तर पाच जण येऊ देत, भेटी मात्र तीनच ठेवा. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी एरंगळला सण असतो. तुमचा कार्यक्रम त्या दिवशी येत नाही ना, एवढे कॅलेंडरात बघून घ्या.

प्रश्न : गोठ्यासाठी (येशूजन्माच्या देखाव्यासाठी) पेरलेले गवत नाताळपर्यंत पिवळे पडून आडवे होते, त्याला बुरशीही येते. थर्माकोल वापरू नये म्हणतात, मग डोंगर कशाचे करायचे? (युवक मंडळ, मनोरी)

उत्तर : गवत पिवळे पडते ते उजेड न मिळाल्याने, आडवे होते ते लवकर पेरल्याने, आणि बुरशी येते ती दाट पेरून पाणी साचू दिल्याने. बहुतेक ठिकाणी १ डिसेंबरलाच पेरतात. मुंबईच्या डिसेंबरातल्या हवेत गव्हाला दहा-अकरा दिवस पुरतात, म्हणजे १३ किंवा १४ तारखेला पेरा. २४ तारखेला बोटभर उंच, ताठ, पोपटी गवत मिळते. नाचणीला दोन-तीन दिवस जास्त द्या. तिचे गवत बारीक आणि मऊ असते, गोठ्याच्या अगदी पुढच्या भागात ते फार छान दिसते.

आमचा आग्रह आहे की हे गवत चर्चच्या आवारात एका मोठ्या ट्रेमध्ये कुणा एकाने पेरू नये. प्रत्येक मुलाला घरी एक करवंटी द्या. नारळ फोडला की ज्या अर्ध्या भागाला डोळे असतात तो घ्यायचा. त्यातला मऊ डोळा खिळ्याने टोचला की पाणी निघायला आपोआप भोक तयार होते. करवंटीत दोन-तीन बोटे माती किंवा काथ्याचा भुसा भरायचा. एक मोठा चमचा गहू रात्रभर भिजवायचे, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधून एक दिवस ठेवायचे. पांढरे मोड दिसले की दाणे मातीवर एकाशेजारी एक पसरायचे, एकावर एक नाही. वर ओल्या गोणपाटाचा तुकडा. तिसऱ्या दिवशी कोंब गोणपाट उचलू लागतात, तेव्हा तो काढून करवंटी खिडकीत ठेवायची. पाणी ओतायचे नाही, दिवसातून दोनदा हाताने शिंपडायचे. गवत उजेडाकडे झुकते म्हणून करवंटी रोज अर्धी फिरवायची.

चोवीस तारखेला संध्याकाळी चाळीस मुले चाळीस करवंट्या घेऊन येतात आणि गोठ्यापुढचे कुरण त्यांतूनच तयार होते. करवंट्यांच्या मधल्या फटींत पेंढा आणि काथ्या भरा. एखाद्याचे गवत खुरटे निघते किंवा चिमण्या खातात, त्याच्यासाठी चार-पाच करवंट्या जास्तीच्या पेरून ठेवा आणि गाजावाजा न करता त्याच्या हातात द्या.

थर्माकोलची सजावट महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहे, तेव्हा तो विषयच नको. डोंगरासाठी बांबूच्या कामट्यांचा किंवा जुन्या खोक्यांचा सांगाडा करा आणि त्यावर खळीत बुडवलेली गोणपाटे टाका. खळ मैद्याची : एका वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, शिजवताना एक चमचा तुरटीची पूड. तुरटीने बुरशी उशिरा धरते. काही जण खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलांचे हात लागणार असतील तिथे मुळीच नको. गोणपाट वाळायला खाडीकाठच्या दमट हवेत दोन दिवस धरा. ओल्यावरच रंग दिला तर पोपडे निघतात.

वीजमाळा पेंढ्याला टेकवू नका, कामटीला बांधून चार बोटे दूर ठेवा, आणि चर्च बंद करताना बटण नाही, प्लग काढा. गव्हाण रिकामी ठेवा. बाळ येशू रात्रीच्या मिस्साच्या वेळीच येतो, आणि तो एखाद्या मुलाच्या हातांनी आणवलात तर उत्तम. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचो गावात पहिला गोठा मांडला, तेव्हा त्यात खरा बैल, खरे गाढव आणि खरा पेंढा होता. मुलांना एवढे सांगितले तरी पुरे.

प्रश्न : आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या, मेणबत्त्यांच्या चक्रात कोणत्या रंगाची मेणबत्ती कधी लावायची, यावरून दर वर्षी वाद होतो. (मरोळ)

उत्तर : तीन जांभळ्या, एक गुलाबी. पहिल्या आणि दुसऱ्या रविवारी जांभळ्या, तिसऱ्या रविवारी गुलाबी, कारण तो आनंदाचा रविवार, चौथ्या रविवारी उरलेली जांभळी. मधली पांढरी नाताळच्या रात्री. दर रविवारी आधीच्याही पेटवायच्या असतात, म्हणून चौघींची उंची वेगवेगळी होते, ती तशीच छान दिसते, बदलू नका. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे.

प्रश्न : मुलांना घेऊन कलकल (नाताळचा तळलेला गोड पदार्थ) करतो. पण ते तेल पितात आणि दुसऱ्या दिवशी चामट होतात. (वांद्रे)

उत्तर : पीठ सैल आहे. मुलांना वळायला सोपे जावे म्हणून आपण ते मऊ मळतो आणि तिथेच चुकते. अर्धा किलो मैदा, ५० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन. नारळाचे दाट दूध साधारण २०० मिली लागते, पण एकदम ओतू नका, शेवटचे दोन चमचे हातात राखून ठेवा. पुरीच्या पिठाइतके घट्ट हवे. ओल्या फडक्याखाली पाऊण तास ठेवा, मग घट्ट पीठही मुलांच्या बोटांना वळते.

गोळी बोराएवढी. नवी, धुतलेली कंगवी किंवा काट्याची पाठ तेलाच्या बोटाने पुसायची, गोळी त्यावर अंगठ्याने चपटी करायची आणि दातांवरून आपल्याकडे गुंडाळत आणायची. शिंपल्यासारखी पन्हळ उठते. शेवटची कड दाबली नाही तर तेलात उलगडते. मोहन जास्त झाले तर कलकल तेलात विरघळल्यासारखे फुटतात, साखर जास्त झाली तर बाहेरून काळे आणि आत कच्चे राहतात. आच मध्यम, एका वेळी कढईत वीसच सोडा. एकदम खूप टाकले की तेल थंड होते आणि मग ते पीत बसतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफ धरली की चामट होतात. वळणे मुलांचे, तळणे मोठ्यांचे, आणि तळणाची जागा वेगळ्या खोलीत.

प्रश्न : फादर प्रवचनात मुलांना प्रश्न विचारतात, मुले मोठ्याने उत्तरे देतात. काही ज्येष्ठांना हे पवित्र वाटत नाही. हे नियमात बसते का?

उत्तर : बसते. मुलांबरोबरच्या मिस्साविषयी रोमने १ नोव्हेंबर १९७३ रोजी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात मुलांसाठीचे प्रवचन संवादाच्या रूपात असू शकते असे स्पष्ट म्हटले आहे. वाचने कमी करण्याचीही मोकळीक आहे, शुभवर्तमान मात्र कधीही गाळायचे नाही. ज्येष्ठांच्या नाराजीचे खरे कारण बहुतेकदा उत्तरे नसतात, उत्तरांवर होणारा हशा असतो. फादरांनी मुलाच्या उत्तरावर हसू न देता ते गंभीरपणे घेतले, तर तक्रार उरणार नाही आणि मूलही पुढच्या वेळी तोंड उघडेल.

प्रश्न : झावळ्यांच्या रविवारी मुले झावळ्यांनी मारामारी करतात, आणि सकाळपर्यंत झावळ्या वाळूनही जातात. शिवाय जुन्या झावळ्यांची राख घरी कशी करावी? (उत्तन)

उत्तर : मुलाच्या हातात अखंड झावळी दिली तर तो तिची तलवारच करणार. शनिवारी संध्याकाळी मुलांना बोलवा आणि पाती सोलून क्रूस करायला शिकवा. नारळाची मधली कोवळी, पिवळसर पाती घ्या. जून, हिरवी पात दुमडली की तडकते. आधी हीर काढून टाका, डोळ्याला इजा होते ती हिराच्या टोकाने.

हीर काढल्यावर बोटभर रुंदीची पट्टी मिळते. चाळीस सेंटिमीटरची एक पट्टी मधोमध दुमडा, म्हणजे वीस सेंटिमीटरचा दुहेरी उभा दांडा झाला. बारा सेंटिमीटरची दुसरी पट्टी त्या दोन पदरांच्या मधून आडवी सरकवा, दुमडीपासून साधारण चार बोटे खाली. दोऱ्याएवढ्या बारीक पट्टीने चौक फुलीसारखा दोनदा आवळून मागे गाठ मारा. पातीला चीर पाडून क्रूस करू नका, नारळाची पात उभी फाटत जाते आणि रात्रीतच दोन तुकडे होतात. तयार क्रूस आणि उरलेली पाती ओल्या गोणपाटात गुंडाळून फरशीवर, सावलीत ठेवा. बादलीत बुडवून ठेवलेली पाती काळी पडतात.

राखेविषयी. क्रूस आणि झावळ्या वर्षभर घरात ठेवून राखेच्या बुधवारआधी (त्या दिवशी कपाळाला राख लावतात) चर्चमध्ये परत आणायच्या, हे मुलांना आधीच सांगा. जाळण्याआधी दोन दिवस कडक उन्हात घाला. लोखंडी घमेल्यात, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून जाळा. रॉकेल अजिबात नको, राखेला वास राहतो आणि कपाळाची आग होते. थंड झाल्यावर खलात कुटून मलमलीतून गाळा. कवेत मावेल एवढ्या झावळ्यांची राख जेमतेम मूठभर निघते, तेव्हा घरोघरून गोळा कराव्या लागतात.

राख पाण्यात कालवू नका. राखेत क्षार असतो, ओली झाली की ती खारासारखी वागते आणि लहान मुलांच्या कपाळावर चट्टे उठू शकतात. कोरडीच लावा, किंवा फार उडत असेल तर खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरेत.

प्रश्न : क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांची प्रार्थना) मुलांबरोबर करावी का? काही मुले घाबरतात. आणि शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) लहानांनी उपवास करायचा का? (आई, मढ)

उत्तर : उपवासाचे आधी. एकभुक्त उपवासाचा नियम १८ पूर्ण झालेल्यांना लागू होतो, मांसवर्ज्याचा १४ पूर्ण झालेल्यांना. त्याखालच्या मुलांना बंधन नाही. घरात सगळ्यांसाठी पेज आणि भाजी असेल तर मुलेही तीच खातील, एवढे पुरेसे आहे. उपाशी मुलाला उन्हात चालवू नका.

क्रुसाची वाट जरूर करा, पण चौदाच्या चौदा स्थाने मुलांसाठी फार होतात. पाच निवडा : येशूला शिक्षा, आईची भेट, सिमोन क्रूस उचलतो, वेरोनिका, आणि येशूचा मृत्यू. सकाळी सातला, ऊन चढण्याआधी, गावातल्या क्रुसापासून चर्चपर्यंत. लाकडी क्रूस मुलांना उचलता येईल असा, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि दर स्थानाला उचलणारी मुले बदलायची. सिमोनच्या स्थानाला गर्दीतल्या मोठ्या माणसाला न सांगता पुढे बोलवा आणि क्रूस त्याच्या खांद्यावर द्या. सिमोनलाही विचारलेले नव्हते, हे मुलांना लगेच कळते.

घाबरतात ती रक्ताचा लाल रंग, चाबकाचा आवाज आणि ओरडणारे शिपाई यांना. हे तिन्ही काढून टाका. खिळे ठोकल्याचा आवाज काढू नका. मृत्यूच्या स्थानाला सगळ्यांनी गुडघे टेकून मनात वीसपर्यंत मोजायचे आणि गप्प राहायचे, सहा वर्षांची मुलेही हे करतात. शेवटी 'तिसऱ्या दिवशी तो उठला' हे वाक्य त्याच दिवशी सांगा. मोठ्यांना रविवारपर्यंत थांबता येते, लहान मूल रात्री झोपताना त्या क्रुसाचाच विचार करते.

आणखी एक गोष्ट कळकळीने. 'यहुद्यांनी येशूला मारले' असे मुलांना शिकवू नका. येशू, मरिया आणि प्रेषित स्वतः यहुदी होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी हा दोष सबंध यहुदी समाजावर टाकणे चुकीचे असल्याचे जाहीर केले. जुन्या पुस्तिकांमध्ये तसली वाक्ये अजून सापडतात, ती वाचण्याआधी खोडून टाका.

प्रश्न : ईस्टरच्या जागरणात मुलांच्या हातात मेणबत्त्या असतात. एका मुलीच्या केसांना आच लागता लागता वाचली. फक्त मोठ्यांनाच मेणबत्त्या द्याव्यात का? आणि एवढ्या लांब विधीत मुले झोपतात, त्यांना आणावे का? (मनोरी)

उत्तर : आणा. अंधारात पास्खा मेणबत्ती, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती, आत येते आणि एका ज्योतीवरून सगळे चर्च उजळते, हे ज्या मुलाने पाहिले ते विसरत नाही. सात वर्षांखालच्या मुलांची मेणबत्ती आईवडिलांनी धरावी, मुलाने फक्त आईच्या मनगटावर हात ठेवावा. मोठ्या मुलांना स्वतंत्र द्या, पण आदल्या दिवशी न पेटवलेल्या मेणबत्त्यांवर सराव करून घ्या.

नियम एकच आणि तो तोंडपाठ करून घ्या : पेटलेली उभी, विझलेली आडवी. आपली मेणबत्ती पेटलेली असेल तर ती ताठ धरायची. शेजारी त्याची विझलेली वात आपल्या ज्योतीजवळ आणेल. पेटलेली मेणबत्ती वाकवली की वितळलेले मेण थेट दुसऱ्याच्या मनगटावर जाते. जागरणातले बहुतेक चटके असेच लागतात. मेणबत्तीला कागदी पेला उलटा घाला, तळाला फुलीसारखी चीर पाडून. सुळकन् सरकू नये म्हणून चीर छोटीच पाडा. मुलींचे केस बांधलेले, नायलॉनची ओढणी डोक्यावर नको, सुती चालेल. रांगेत दोन मुलांमध्ये एका हाताचे अंतर, सहा मुलांमागे एक मोठा माणूस, आणि बाकाच्या टोकाला पाण्याची बादली व ओला टॉवेल. विझवताना फुंकर मारताना ज्योतीमागे तळहात आडवा धरायचा, नाहीतर मेणाचे थेंब पुढच्याच्या मानेवर उडतात. चटका लागलाच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. वाचने सुरू होताना मेणबत्त्या विझवायच्या असतात आणि बाप्तिस्म्याच्या वचनांच्या वेळी पुन्हा पेटवायच्या, हे ठाऊक नसल्याने पुष्कळ ठिकाणी मुले वाचनभर पेटलेल्या मेणबत्त्या धरून बसतात.

जुन्या करारातली सात वाचने असतात. कारण असेल तर ती तीनपर्यंत कमी करता येतात, पण निर्गमच्या चौदाव्या अध्यायातले समुद्र ओलांडल्याचे वाचन ठेवावेच लागते. बाजूच्या दाराजवळ दोन चटया पसरा आणि मुलांना तिथे झोपू द्या. सातव्या वाचनानंतर त्यांना उठवा, कारण पुढचे काम त्यांचे आहे. पवित्र गुरुवारच्या गौरवगीतापासून घंटा मुक्या असतात, त्या या रात्रीच्या गौरवगीतालाच पुन्हा वाजतात. प्रत्येक मुलाला घरून एक घंटी आणायला सांगा : शाळेची, सायकलची, बैलाच्या गळ्यातली, कोणतीही. गीताचा पहिला शब्द उठला की सगळ्या एकदम. घंटी आधी वाजू नये म्हणून तोपर्यंत लोलकाला रुमाल बांधून ठेवा.

प्रश्न : ईस्टरची अंडी घरच्या रंगांनी कशी रंगवावीत? (वांद्रे)

उत्तर : पांढऱ्या कवचाची अंडी घ्या, गावठी तपकिरी अंड्यांवर फक्त गडद रंग दिसतात. एक लिटर पाण्यात चार मुठी कांद्याच्या साली अर्धा तास उकळा, गाळा, दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. विटकरी रंग येतो. पिवळ्यासाठी तीन चमचे हळद, गुलाबीसाठी दोन किसलेली बिटे. व्हिनेगर नसले की रंग पुसला जातो, जास्त झाले की कवच खरबरीत होते. तेरड्याचे किंवा कोथिंबिरीचे पान अंड्यावर चिकटवून वर जुन्या पायमोज्याचा तुकडा ताणून बांधा, रंगवून सोडले की पानाचा ठसा पांढरा उरतो. एप्रिलच्या उकाड्यात उकडलेले अंडे तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिले तर खाऊ नये. आवारात लपवायला वेगळी ठेवा आणि ती मोजून लपवा. एक जरी सापडायचे राहिले तरी चार दिवसांत आवारभर कळते.

प्रश्न : ३१ डिसेंबरला मुले 'बुढ्ढा' (सरत्या वर्षाचा पुतळा) करून जाळतात. थांबवावे का?

उत्तर : थांबवू नका, जागा आणि पोट बदला. पोटात फक्त पेंढा आणि कागद. फटाके, टायर, प्लास्टिक, थर्माकोल काही नाही. उंची मुलाएवढीच. जाळी, होड्या, वलांड्या यांच्यापासून निदान तीस पावले दूर, भरतीच्या रेषेखालच्या ओल्या वाळूवर. नायलॉनच्या जाळ्यावर एक ठिणगी पडली तर एखाद्या घराची वर्षाची कमाई जाते.

प्रश्न : आगेऱ्याला (नव्या पिकाच्या सणाला) पूर्वी शेतातून नव्या भाताच्या लोंब्या यायच्या. आता गावात शेतीच उरली नाही. बाजारातून लोंब्या आणाव्यात का? (गावठाण, मरोळ)

उत्तर : आणण्यापेक्षा मुलांना पिकवू द्या, टबात भात होते. आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी धरला तर हळवे भात हवे, साधारण ११० दिवसांचे. गरव्या भाताच्या लोंब्या तोपर्यंत भरत नाहीत. १० जूनच्या सुमारास एका खोक्यात रोप टाका. एकवीस-पंचवीस दिवसांनी, रोप वीतभर झाले की, भोक नसलेल्या वीस लिटरच्या टबांत लावणी करा. तळाला चिकण माती दोन भाग, शेणखत एक भाग, वीस-बावीस सेंटिमीटरचा थर, चिखल करून. टबात तीन-चार चूड, एका चुडात दोन-तीन रोपे. चिखलावर दोन बोटे पाणी सतत हवे, दाणे पिवळे पडू लागले की पाणी तोडायचे. रोज सहा तास ऊन मिळत नसेल तर पानेच वाढतात, लोंबी येत नाही. गावठाणात हेच सर्वांत जास्त चुकते, तेव्हा टब अंगणात न ठेवता चर्चच्या गच्चीवर ठेवा. डासांसाठी पाण्यात गप्पी मासे सोडा. लोंब्या दुधात आल्या की चिमण्या आणि मुनिया येतात, वर जुने मासळीचे जाळे टाका.

दहा टबांतून मिरवणुकीला पुरेशा पेंढ्या होतात. विळा मोठ्याने धरावा, मुलाने मूठ धरावी.

प्रश्न : आमची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, घरी मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात. चर्चमध्ये वाचन द्यावे का?

उत्तर : द्या, पण रोमन लिपीत लिहून देऊ नका. त्यात ल-ळ, न-ण, ट-त सगळे एक होते आणि मूल 'बाळ'चे 'बाल' करते. देवनागरीतच, मोठ्या ठशात, एका ओळीत एका श्वासाएवढेच शब्द छापा. दहा दिवस आधी कागद हातात द्या, आणि आजीला मोठ्याने वाचून ऐकवायला सांगा. आजी ज्या शब्दावर मान वर करते, तो शब्द चुकलेला असतो.

प्रश्न : तालमीला आणि सहलीला मुलांसोबत किती मोठी माणसे असावीत? फोटो टाकावेत का?

उत्तर : कमीत कमी दोन, एकमेकांच्या घरातली नसलेली, त्यांत मुली असतील तर एक स्त्री. कोणीही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबणार नाही, वेशांतराच्या वेळीही. हे फादर, सिस्टर, शिक्षक, सगळ्यांना सारखेच. काही वावगे कळले तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, धर्मग्रामात मिटवता येत नाही. फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय टाकू नका, आणि फोटोखाली नाव व शाळा लिहू नका.

प्रश्न : मरियेच्या जन्मदिनी, ८ सप्टेंबरला, मुलांनी कोणती फुले आणावीत?

उत्तर : दारची. तेरडा, सोनटक्का, जास्वंद, गोकर्ण त्या दिवसांत कुठेही असतात. ३० ऑगस्टपासून नऊ दिवस मुले थोडी थोडी आणतात, तेव्हा विकत घ्यायला लावले तर तिसऱ्या दिवसापासून मुले कमी होतात. फुले सकाळी तोडावीत, उलटी धरून एकदा झटकावीत म्हणजे मुंग्या पडतात, आणि टोपलीत कर्दळीचे ओले पान घालून त्यावर ठेवावीत. जास्वंद दुपारनंतर मिटते, म्हणून संध्याकाळच्या नोव्हेनाला (या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) सोनटक्का बरा. कळ्या तोडून पाण्यात ठेवल्या तर तो वेळेवर उमलतो.